वडीमागची वही

एक किलो तेलाचा साबण घरी करायचा म्हटला, तर वहीत पहिल्या ओळी साधारण अशा पडतात: खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ५०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४६ ग्रॅम, पाणी २९३ ग्रॅम. वाण्याकडे द्यायची यादी म्हणून कुणी हा कागद पुढे केला तर त्यात काही वावगं वाटणार नाही. पण सहा आठवड्यांनी जी वडी हातात येते तिच्यात या यादीतलं जवळपास काहीच शिल्लक नसतं. खोबरेल संपलेलं असतं, शेंगदाणा तेल संपलेलं असतं. कॉस्टिक तर नावालाही नसावा, नाहीतर अंघोळ महागात पडेल. स्वयंपाकघरातल्या बहुतेक पदार्थांचा घास घेऊन जाणतं माणूस त्यात काय पडलंय ते सांगू शकतं. साबणाबाबत हे चालत नाही. वडी कितीही हुंगा, फेस काढा, ती कशाची झाली याचा भरवशाचा पुरावा एकच, तो म्हणजे वही.

म्हणून घरी साबण करणारी माणसं वह्या ठेवतात. कुणी दोनशे पानी, कुणी एक्सेलमध्ये, कुणी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये. बाहेरच्याला हा कारकुनी सोस वाटतो. डझनभर वड्यांसाठी एवढी आवक-जावक, एवढी खतावणी कशाला? मला मात्र या छंदातली सगळ्यात रंजक वस्तू ही वहीच वाटते. रंग, वास, वरची नक्षी हे कुणालाही दिसतं. साबण जमणार की बिघडणार हे ज्याच्यावर ठरतं, ते या आकड्यांत असतं, आणि ते आकडे थेट रेणूंपर्यंत जाऊन भिडतात.

१४६ हा आकडा आला कुठून, ते पाहू. साबणवाल्यांच्या तक्त्यात प्रत्येक तेलासमोर एक छोटा दशांश असतो. खोबरेल ०.१८३, शेंगदाणा ०.१३६, एरंडेल ०.१२८. म्हणजे एक ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. आपल्या ४०० ग्रॅमला ७३.२, शेंगदाण्याच्या ५०० ला ६८, एरंडेलाच्या १०० ला १२.८. बेरीज १५४. यातून पाच टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल तसंच उरतं आणि वडी अंगाला कोरडी लागत नाही. याला सगळे सुपरफॅट म्हणतात. राहिले १४६.३. हिशेब शाळकरी आहे. पण खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल दोन्ही तेलंच, दोन्ही ओशट, दोन्ही पाण्यावर तरंगणारी. मग एकाला दुसऱ्याहून एक-तृतीयांश जास्त कॉस्टिक का लागावा?

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा एक छोटा कणा आणि त्याला जोडलेल्या तीन लांब साखळ्या. कॉस्टिक या साखळ्या सोडवतो आणि प्रत्येकीच्या टोकाशी एक सोडियम बसवतो. सोडियम लागलेली सुटी साखळी, म्हणजे साबण. एका रेणूला तीन कॉस्टिक लागतात, दोन नाही आणि चारही नाही. तेव्हा खरा प्रश्न भांड्यात तेल किती ग्रॅम आहे हा नाहीच, भांड्यात रेणू किती आहेत हा आहे. खोबरेलातल्या साखळ्या आखूड असतात. जवळपास निम्म्या लॉरिक आम्लाच्या, म्हणजे बारा कार्बनच्या, आणि सोबतीला आठ, दहा, चौदा कार्बनवाल्या. शेंगदाण्याच्या तेलात बहुतेक साखळ्या अठरा कार्बनच्या. आखूड साखळ्यांचा रेणू हलका, म्हणून तेवढ्याच वजनात तो संख्येने जास्त मावतो. देवळाच्या दानपेटीतली चिल्लर मोजत न बसता तोलतात, तसंच हे आहे: एका नाण्याचं वजन ठाऊक असलं की काटाच संख्या सांगतो.

पडताळा घेता येतो. बारा कार्बनच्या तीन साखळ्या असलेल्या रेणूचं भारमान ६३९. अठरा कार्बनच्या ओलेइक आम्लाच्या तीन साखळ्या असलेल्याचं ८८५. कॉस्टिक सोड्याचं ४०, तिघांचं १२०. आता १२० ला ६३९ ने भागा: ०.१८८. ८८५ ने भागा: ०.१३६. तक्त्यातले आकडे समोर उभे राहतात! एरंडेलाची गंमत आणखी वेगळी. त्याच्याही साखळ्या अठराच कार्बनच्या, पण त्यातल्या बहुतेकींवर हायड्रोजन-ऑक्सिजनची एक जास्तीची जोडी चिकटलेली असते. तेवढ्यानं रेणू जड होतो, आणि आकडा ०.१२८ वर उतरतो. आपल्या ४०० ग्रॅम खोबरेलात रेणू असतात साधारण ३७ वर बावीस शून्यं इतके. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा त्यांची मोजदाद करतो, आणि ती साबण होण्यापुरती बिनचूक निघते.

बिनचूक म्हणताना थोडं थांबायला हवं. नारळ काही तक्ता वाचून पिकत नाहीत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं खोबरेलासाठी एक आकडा देत नाहीत, पट्टा देतात: एका ग्रॅमला २४८ ते २६५ मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश, म्हणजे सोड्याचाच जड भाऊ. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही खोबरेलाला किमान २५० अशी अट आहे. प्रयोगशाळा हा आकडा पोटॅशमध्ये मांडतात, १.४०३ ने भागलं की तो सोड्याचा होतो. पट्ट्याच्या दोन टोकांत सुमारे सात टक्क्यांचं अंतर आहे, आणि आपण गणित मधल्या कुठल्यातरी आकड्यावर करतो. सुपरफॅटचे ते पाच टक्के म्हणूनच कातडीच्या लाडापुरते नसतात. तेलाची ही बाटली तक्त्याहून वेगळी निघाली तर कॉस्टिक उरू नये, याचीही ती सोय असते.

हा आकडा साबणासाठी शोधलेला नव्हता, ही मला या सगळ्यातली मोठी मौज वाटते. १८७९ मध्ये क्योट्सटॉर्फर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला लोण्यातली भेसळ पकडायची होती. लोण्यात चार कार्बनच्या अगदी तोकड्या साखळ्याही असतात, म्हणून त्याला इतर बहुतेक चरबीपेक्षा जास्त पोटॅश लागतो. लोण्यात कुणी दुसरी चरबी मिसळली की आकडा घसरतो, आणि चोरी उघडी पडते. भेसळ पकडण्याची ती युक्ती आज साबणाचं प्रत्येक गणकयंत्र पोटात घेऊन बसलंय.

त्याच्याही आधी, १८११ पासून, फ्रान्समध्ये मिशेल युजेन शेव्रल डुकराच्या चरबीचा साबण उलगडत होता. तोवर समज असा, की चरबी आणि क्षार एकमेकांत मिसळले की साबण होतो. शेव्रलनं दाखवलं की चरबी आधी फुटते. तिच्यातून आम्लं निघतात आणि गोडसर ग्लिसरीन निघतं. १८२३ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या तोलण्यात एक कोडं निघालं होतं: साबणातून सोडवलेली आम्लं आणि ग्लिसरीन यांची बेरीज मूळ चरबीपेक्षा जास्त भरत होती. वजन आलं कुठून? पाण्यातून. फुटताना चरबीनं पाणी आत घेतलं होतं. एवढी मोठी गोष्ट बेरीज जुळत नाही म्हणून सापडली. शेव्रल १०२ वर्षं जगला.

बेरीज जुळलीच पाहिजे हा हट्ट मुळात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा. रासायनिक क्रियेच्या आधीचं वजन आणि नंतरचं वजन सारखं, हे त्यानं १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. पोटापाण्याला तो सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता. रकाने, जमा, खर्च, शिल्लक यांत त्याचे दिवस जात. त्याच कंपनीपायी मे १७९४ मध्ये त्याला गिलोटिनवर जावं लागलं. हिशेबनिसाची नजर त्यानं काचेच्या भांड्यांकडे वळवली असं म्हणायचा मोह मला आवरत नाही.

तीच नजर आपल्या पातेल्याकडे वळवू. तेलं १०००, कॉस्टिक १४६, पाणी २९३. एकूण जमा १४३९ ग्रॅम. खर्चाच्या बाजूला काय? सुपरफॅट म्हणून उरलेलं तेल साधारण ५०. ग्लिसरीन ११२: दर १२० ग्रॅम कॉस्टिकमागे ९२ ग्रॅम सुटतं, म्हणून. प्रत्यक्ष साबण ९८४. पाणी २९३. बेरीज पुन्हा १४३९. वहीत कुठेही न लिहिलेला, कुणी विकत न आणलेला अर्ध्या पावशेराच्या जवळपासचा एक जिन्नस, म्हणजे ग्लिसरीन, पातेल्यात आपोआप जमा झाला. मोठ्या कारखान्यांत तो बाजूला काढून वेगळा विकतात. घरच्या वडीत तो राहतो, हवेतली ओल ओढतो, आणि पावसाळ्यात वडीवर दवासारखे थेंब आणतो. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता साठ्याच्या वहीकडे येऊ. ती गंभीर होते तेव्हा फार गंभीर होते. समजा, ऐनवेळी खोबरेल संपलं. डब्यात शेंगदाणा तेल भरपूर आहे, तेलाला तेल म्हणून ४०० ग्रॅम तेच घातलं, आणि कॉस्टिक वहीत होता तेवढाच घेतला. नव्या मिश्रणाला पुरेपूर लागणार होता १३५.२ ग्रॅम. आपण घातला १४६.३. अकरा ग्रॅम कॉस्टिकला काही कामच उरलं नाही. तो वडीत तसाच मोकळा बसणार, आणि ओल्या अंगाला लागला की आग होणार. शिऱ्यात तुपाऐवजी दुसरं काही पडलं तर फार तर चव बिघडते. इथे तेल बदललं की कॉस्टिकचा आकडा पुन्हा काढावाच लागतो. म्हणून शहाणी माणसं पाककृतीच्या पानावरच शिल्लक पाहतात. चार बॅच काढायच्या तर खोबरेल १६०० ग्रॅम हवं. बरणीत १३०० असेल तर तिथेच थांबायचं, वाटेत सापडेल त्या तेलानं खड्डा भरायचा नाही.

दुसरी चूक नावाची. कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक पोटॅश, दोन्ही पांढरे, दोन्ही खड्यांत किंवा पापुद्र्यांत मिळतात, आणि घाईत दोघांनाही नुसतं कॉस्टिक म्हटलं जातं. पोटॅशचा रेणू जड. सोड्याऐवजी तो १४६ ग्रॅम घातला तर त्याचं काम फक्त १०४ ग्रॅम सोड्याइतकं भरतं, म्हणजे जवळपास एक-तृतीयांश तेल तसंच राहतं. वर पोटॅशचा साबण मुळात मऊ, लेपासारखा. वडी धरतच नाही. द्रवरूप साबणाला तोच लागतो, त्यामुळे अनेक घरांत दोन्ही बरण्या शेजारी शेजारी असतात. बरणीवरची चिठ्ठी आणि वहीतला वेगळा रकाना ही इथे सुरक्षेची साधनं आहेत, हातमोजे आणि चष्म्याइतकीच. (कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं त्याच्या जवळपासही नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. हे सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालू नये, म्हणून इथे लिहिलं.)

साठ्यातले काही जिन्नस वजनाच्या बाबतीत सरळ राहत नाहीत, आणि इथे साबणाची वही किराणा दुकानाच्या वहीपेक्षा वेगळी वाट धरते. कॉस्टिकची बरणी घ्या. झाकण सैल राहिलं तर तो हवेतली ओल पितो, आणि कार्बन डायऑक्साइडही पितो. वहीप्रमाणे शिल्लक ८०० ग्रॅम हवी, आणि काटा ८१५ दाखवतो. पंधरा ग्रॅमची भेट कुणी दिलेली नसते. ऐंशी ग्रॅम कॉस्टिक हवेत पूर्ण बदलला तर त्याचा १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा होतो: वजन वाढलं, आणि तेल फोडण्याची ताकद गेली. शिल्लक वाढलेली दिसली की दुकानदार खूश होईल. साबणवाल्यानं सावध व्हायचं. नव्या पाकिटावर शुद्धता ९८ टक्के असली तरी ती पाकीट फोडलेल्या दिवसापुरती खरी. म्हणून कॉस्टिकच्या रकान्यात खरेदीच्या तारखेशेजारी उघडल्याची तारीखही लिहितात. ताज्या वडीवर कधी कधी पांढरी भुकटी धरते, तीही याच क्रियेची; वरच्या थरातल्या कॉस्टिकला हवा लागलेली असते.

तेलाचा घोळ निराळा. ते बाजारात लिटरनं मिळतं आणि वहीला ग्रॅम हवे असतात. तेल तापलं की फुगतं, म्हणून एका लिटरमध्ये वजन किती हे तापमानावर ठरतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं खाद्यतेलाच्या कंपन्यांना याच मुद्द्यावर सूचना काढली होती, कारण काही पाकिटांवर ६० अंशांसारख्या तापमानाचं लिटर छापलेलं असे. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना सुमारे ८९३. लिटरमागे दोन मोठे चमचे तेल नुसत्या उन्हात हरवलं! खोबरेलाचा तर आणखी एक हट्ट: ते २४-२५ अंशांखाली गोठतं. पुण्याच्या थंडीत मापात ओतायला जावं तर बाटली उलटी करूनही थेंब पडत नाही. वजनावर मात्र गोठण्या-वितळण्याचा काही परिणाम होत नाही. साबणाच्या पाककृतीत वाटी, चमचा, कप हे शब्द दिसले की ती पाककृती बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग खुद्द साबण. साच्यातून काढून कापला तेव्हा १४३९ ग्रॅमच्या बारा वड्या, प्रत्येकी १२० ग्रॅमच्या. मांडणीवर ठेवल्या की त्या वाळू लागतात. निम्मं पाणी उडालं तर वडी १०८ वर येते. म्हणजे एकाच खोलीत एका फळीवरचा कॉस्टिक हळूहळू जड होतोय आणि दुसऱ्या फळीवरचा साबण हळूहळू हलका. शिल्लक लिहायची तर कुठल्या दिवसाची? बाजारातल्या साबणाच्या वेष्टनावर ‘नेट वेट व्हेन पॅक्ड’ असे शब्द असतात, ते याचसाठी. वजन सांगितलंय ते बांधतेवेळचं. नंतर हवेनं काय नेलं ते हवा जाणे. घरच्या वहीत साधारणतः मोजदाद वड्यांच्या संख्येनं ठेवतात आणि वजन दोनदा टिपतात, कापल्यावर आणि वेष्टनात घालताना.

या वाळण्याला चार ते सहा आठवडे लागतात. तेल आणि कॉस्टिकची मुख्य क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांत उरकलेली असते. पुढचा सगळा काळ पाणी उडायला आणि वडी आतून घट्ट बसायला. पॅलेस्टाइनच्या नाब्लूसमध्ये ऑलिव्ह तेलाच्या वड्या पोकळ मनोऱ्यांसारख्या रचून महिनोन् महिने वाळवतात. त्या कलेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. फ्रान्सच्या राजानं तर १६८८ मध्ये मार्सेयच्या साबणासाठी फर्मानच काढलं होतं: ऑलिव्हशिवाय दुसरी चरबी वापरायची नाही, आणि जून, जुलै, ऑगस्ट कारखाने बंद. उन्हाळ्याच्या उष्म्यानं माल बिघडतो म्हणून.

आपल्याकडे तारीख दिवाळी ठरवते. घरगुती साबणाला वर्षातली सगळ्यात मोठी मागणी अभ्यंगस्नानाची. नरक चतुर्दशीला वडी तयार हवी तर ती ओतायची कधी? उलटं मोजत गेलं की उत्तर पंचांगातच बसलेलं सापडतं. अनंत चतुर्दशीपासून नरक चतुर्दशीपर्यंत पंचेचाळीस तिथी, दिवसांच्या भाषेत सुमारे चव्वेचाळीस. २०२४ मध्ये १७ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, २०२५ मध्ये ६ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. सहा आठवडे आणि वर दोन दिवस. गणपती बुडाले त्या दिवसापर्यंत ओतलेला साबण दिवाळीला पिकतो. त्यानंतरचा तुळशीच्या लग्नाला वापरावा. अधिक आश्विन आला तर महिन्याची सवलत मिळते. २०२० मध्ये हे अंतर चौऱ्याहत्तर दिवसांवर गेलं होतं. मात्र याचा अर्थ असाही, की दिवाळीचं खोबरेल श्रावणात घरात यायला हवं, आणि त्यात गुंतलेले पैसे आश्विन संपेपर्यंत परत येत नाहीत.

त्या पैशांच्या हिशेबात फार रमायचं कारण नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. खोबरेलाचे भाव २०२५ मध्ये जे भडकले, त्यानंतर एकाच बरणीत दोन भावांचं तेल असणं नेहमीचं झालं. समजा अर्धा किलो जुनं, ३०० रुपये किलोनं घेतलेलं, आणि वर एक किलो नवं, ४५० नं. बरणीत दीड किलो, किंमत ६०० रुपये, म्हणजे सरासरी भाव ४००. आजच्या वडीला हाच भाव लावायचा. वाळायला ठेवलेल्या वड्या मात्र जुन्या भावाच्या असतात, आणि त्या विकून आलेल्या पैशांत नवं तेल येत नाही. पुष्कळ जण इथे फसतात आणि मग वासाच्या तेलात काटकसर करतात. लव्हेंडर किंवा गवती चहाचं तेल एकूण तेलांच्या तीन टक्के घातलं तर या बॅचला ३० ग्रॅम लागतं. वजनानं ते किरकोळ, पण खर्चाच्या रकान्यात अनेकदा खोबरेलालाही मागे टाकतं.

वहीचा खरा कस लागतो तो तीन-चार महिन्यांनी, वडीवर नारंगी ठिपके उमटतात तेव्हा. आधी एक, मग पाच-सात, आणि खवट वास. तेलातल्या ज्या साखळ्यांमध्ये दुहेरी बंध जास्त, त्यांना ऑक्सिजन लवकर धरतो. लोखंड किंवा तांब्याचा अंश आला तर ते आणखी वेगानं होतं. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात असं लिनोलेइक आम्ल तीन-चतुर्थांशाच्या घरात असतं. खायला उत्तम, वडीत मात्र लवकर खवट होणारं. खोबरेलात ते जेमतेम, म्हणून ते टिकाऊ. कोकमाच्या बियांचं तेलही, कोकणातलं मुठेल, बरंचसं स्टिअरिक आम्लाचं असल्यानं या बाबतीत शांत.

ठिपके आले की प्रश्न एकच: हे एवढ्याच वड्यांचं दुखणं, की कुठल्या डब्याचं? इथे आवकीच्या वहीत लावलेली खूणगाठ कामाला येते. तेलाच्या प्रत्येक डब्याला, आला तसा, एक क्रमांक. शें-७, खो-१२. बॅचच्या पानावर नुसतं ‘शेंगदाणा ५०० ग्रॅम’ न लिहिता ‘शें-७ मधून ५००’. मग उलटा माग काढता येतो. ठिपक्यांची बॅच शें-७ ची. शें-७ आणखी कुठे गेलं? दोन बॅचमध्ये. त्या मांडणीवरून उतरवा, आधी घरात वापरा, कुणाला देऊ नका. खो-१२ पाच बॅचमध्ये गेलंय आणि चार स्वच्छ आहेत, म्हणजे खोबरेल सुटलं. एवढा तपास करायला प्रयोगशाळा लागत नाही, पेन्सिल लागते. जुना डबा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही हा नियमही मग कुणी शिकवायला नको, तो पानावरच दिसतो.

विकायला निघालात की हीच खूणगाठ कायद्याची होते. भारतात साबण विकण्यासाठी बनवायचा तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात; राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि वेष्टनावर बॅच क्रमांक छापावा लागतो. घरच्या घरी वापरायला किंवा बहिणीला द्यायला हे काही लागत नाही. तरी क्रमांक लिहावा असं मला वाटतं. बहिणीचीही कातडी आपल्यासारखीच असते.

वेष्टनावर घटक लिहिताना पुन्हा तीच गंमत समोर येते. खोबरेल आणि सोडियम हायड्रॉक्साइड असं लिहावं, की सोडियम कोकोएट? जगभर दोन्ही पद्धती दिसतात. पहिली पातेल्यात काय घातलं ते सांगते, दुसरी वडीत काय आहे ते. पहिली वाचून गिऱ्हाईक कॉस्टिकच्या नावानं दचकतं, दुसरी वाचून रसायनाच्या नावानं. एकाच वडीचं वर्णन दोन्ही.

वहीला सगळ्यात जड जातं ते कात्रण. वड्या सारख्या कापताना कडा निघतात, साच्याच्या टोकाचे वेडेवाकडे तुकडे उरतात, एखादी वडी पडून फुटते. ते कुणी टाकत नाही. किसून, थोडं पाणी घालून, मंद आचेवर मऊ करून पुन्हा साच्यात दाबतात, आणि ठिपक्याठिपक्यांची एक नवी वडी निघते. कित्येकांना तीच जास्त आवडते. तिच्यासाठी नवा कॉस्टिक लागत नाही, नवं तेल लागत नाही, म्हणून साठ्यातून वजावट शून्य. वजन मात्र जमा करावं लागतं, नाहीतर मांडणीवर वड्या वहीपेक्षा जास्त निघतात. तिच्या पानावर घटकांच्या जागी बॅचचे क्रमांक येतात: २३, २४, २७, आणि एका कोपऱ्यात १९. उद्या शें-७ चा डबा खवट निघाला आणि १९ त्याच डब्यातली असली, तर ही सगळी रंगीबेरंगी मंडळीही मांडणीवरून खाली येतात.